गृहवनस्पतींवरील किडींचे नियंत्रण

घरात, सज्जात, अंगणात किंवा पादपगृहात (काचघरात) कुंड्यांतून वाढविलेल्या शोभेच्या झाडांना उपद्रव देणाऱ्या कीटकांचा व कोळ्यांचा बंदोबस्त करण्याच्या उपायांना ही संज्ञा लावतात. शेतातील पिकांचे संरक्षण व घरातील झाडांचे संरक्षण यांत एक मूलभूत फरक आहे. शेतात फवारलेले विष उघड्या हवेत विरते, ऊन, वारा व पाऊस यांनी त्याची तीव्रता कमी होते. घरात मात्र ज्या हवेत औषध सोडावयाचे त्याच हवेत माणसे श्वासोच्छ्‌वास करतात आणि ज्या कुंडीत ते घालावयाचे तिच्याजवळच मुले खेळतात. शिवाय शेतकऱ्याच्या दृष्टीने कीड हा उत्पन्नाचा प्रश्न असतो, तर घरातील झाड केवळ आवडीखातर लावलेले असते. त्यामुळे कीड मारण्यासाठी किती धोका पत्करावा, हा प्रश्न या विषयाच्या इतिहासात वारंवार उद्‌भवलेला दिसतो. त्याची उत्तरे निरनिराळ्या काळांत निरनिराळी दिली गेली व त्यांतील काहींची किंमत माणसांना चुकती करावी लागली.

किडींचे स्वरूप : घरातील झाडांवर प्रामुख्याने रसशोषक किडी आढळतात. त्यांत पिठ्या ढेकूण, खवले कीड, मावा, पांढरी माशी व फुलकिडे हे कीटक आणि लाल कोळी हा अष्टपाद प्राणी यांचा समावेश होतो. सोंडेसारखे मुखावयव कोवळ्या भागांत खुपसून या किडी अन्नरस शोषतात. फुलकिडे व कोळी पेशी खरवडून वा टोचून त्यांतील द्रव्य घेतात. पाने पिवळी पडतात, शेंडे आखडतात व कळ्या गळतात. मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी आणि काही खवले किडी चिकट गोड द्रव बाहेर टाकतात. त्यावर काळी बुरशी वाढून पाने काजळी धरल्यासारखी दिसतात. या द्रवाच्या लोभाने मुंग्या येतात व पिठ्या ढेकणांचे त्यांच्या शत्रूंपासून संरक्षण करतात. म्हणूनच कुंडीवर मुंग्यांची रांग दिसू लागणे हे बहुधा किडीचे पहिले लक्षण असते.

घराच्या आत या किडींची वाढ झपाट्याने होण्यास तीन कारणे आहेत. पाऊस नसल्याने त्या धुऊन जात नाहीत, त्यांच्यावर जगणारे भुंगेरे व गांधील-वर्गीय सूक्ष्म कीटक बंद खोलीत पोहोचत नाहीत आणि तापमान वर्षभर जवळजवळ सारखे राहते. कोरडी हवा लाल कोळ्यांना विशेष मानवते. माव्याची मादी नराच्या संयोगाशिवाय सरळ पिलांना जन्म देते, तर पिठ्या ढेकणांच्या पुष्कळ जातींची मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते. पिठ्या ढेकणाच्या अंगावरील मेणचट भुकटी व खवले किडीचे कवच यांमुळे साधे पाणी त्यांच्या शरीरापर्यंत पोहोचत नाही. किडीचा हा मेणाचा थर भेदण्याची खटपट नियंत्रणाच्या बहुतेक उपायांच्या मुळाशी आहे.

प्राचीन व पारंपरिक उपाय : भारतात वृक्षांच्या रोगांचा विचार वृक्षायुर्वेद या शाखेत झालेला आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) या विषयावर स्वतंत्र अध्याय असून रोगट झाडाचा दूषित भाग शस्त्राने काढून टाकून त्यावर वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा आणि दूधमिश्रित पाणी घालावे, असा उपचार त्यात सांगितला आहे. सुरपालाचा वृक्षायुर्वेद हा या विषयावरील स्वतंत्र ग्रंथ आहे. त्याचे हस्तलिखित ऑक्सफर्ड येथील बॉडलियन ग्रंथालयात असून त्याचे इंग्रजी भाषांतर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. हे उपचार मुख्यतः उद्यानातील वृक्षांसाठी होते.

महाराष्ट्रातील घरांत कुंडीपेक्षा अंगण व परसू यांना अधिक महत्त्व होते. तुळशीवृंदावन, जास्वंद, मोगरा, अबोली ही झाडे पूजेसाठी व माळण्यासाठी लावलेली असत. तुळशीची पाने तर तीर्थात व काढ्यात वापरली जात. अशा झाडांवर विष टाकण्याची कल्पना साहजिकच नव्हती. चुलीतील चाळलेली राख पानांवर भुरभुरणे, किडलेला शेंडा खुडून टाकणे, रिठ्याच्या पाण्याने पाने धुणे आणि कडुनिंबाचा पाला वा पेंड वापरणे हे उपाय रूढ होते. कोरड्या राखेचे बारीक कण किडीच्या त्वचेवरील मेणाचा थर खरवडून तिच्या शरीरातील पाणी उडून जाण्यास मदत करतात, तर रिठ्यातील फेस आणणारे द्रव्य साबणासारखे कार्य करते. या उपायांना मर्यादा असल्या, तरी त्यांच्यामागे तथ्य होते असे यावरून दिसते.

काचघरांचा उदय : झाडांना घरात आणून बारमाही सांभाळण्याची रीत यूरोपात सतराव्या व अठराव्या शतकांत वाढली. संत्र्या-लिंबांची झाडे हिवाळ्यात झाकण्यासाठी श्रीमंतांच्या वाड्यांलगत खास इमारती बांधल्या जात. उष्ण देशांतील झाडांबरोबर तेथील किडीही या इमारतींत आल्या. मऊ तपकिरी खवले किडीला कार्ल लिनीअस यांनी १७५८ मध्ये कॉकस हेस्पेरिडम हे नाव दिले. यातील जातिनाम लिंबूवर्गीय झाडांवरून आलेले आहे. इंग्रज कीटकवैज्ञानिक जे. ओ. वेस्टवुड यांनी १८५६ मध्ये वर्णिलेल्या पांढऱ्या माशीच्या एका जातीचे व्हेपोरॅरिओरम हे नाव तर ‘उष्ण काचघरातील’ याच अर्थाचे आहे. म्हणजे या किडीची शास्त्राला ओळख झाली तीच मुळी तिच्या निसर्गातील घरी न होता माणसाने उभारलेल्या काचेच्या घरात.

मध्यम वर्गाच्या बैठकीत झाडे आणण्याचे श्रेय लंडनमधील वैद्य नथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांच्याकडे जाते. एका पतंगाचा कोश फुटताना पाहावा, म्हणून १८२९ मध्ये त्यांनी तो ओलसर मातीसह बंद बाटलीत ठेवला होता. त्या मातीतून एक नेचा व गवताचे एक रोप उगवून आले आणि बाहेरच्या धुरकट हवेत जगत नसलेला नेचा बाटलीत टवटवीत राहिला. यावरून त्यांनी जवळजवळ हवाबंद अशा काचेच्या पेट्या तयार केल्या व १८३३ मध्ये त्यांतून रोपे ऑस्ट्रेलियात सुखरूप पाठविली. त्यांचे या विषयावरील पुस्तक १८४२ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द झाल्यावर काचघरे व काचेच्या पेट्या स्वस्त झाल्या. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून भारतात चहाची रोपे आणली ती याच पेट्यांतून. पेटीतील मातीबरोबर व रोपांबरोबर किडींची अंडी व पिलेही समुद्रापार जात होती. पण ही गोष्ट लक्षात यावयास पुढे काही दशके लागली. द्राक्षवेलींचा नाश करणारी फायलोक्सेरा ही अमेरिकी कीड यूरोपात प्रथम ओळखली गेली ती १८६३ मध्ये लंडनजवळच्या हॅमरस्मिथ येथील काचघरातील वेलीवर. नंतर तिने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. हौसेखातर लावलेल्या झाडांवरील कीड ही केवळ हौशी माणसाची खासगी बाब नसते, हे या घटनेने दाखवून दिले.

साबण, रॉकेल व तंबाखू : एकोणिसाव्या शतकात शेतीमध्ये आर्सेनिकाची संयुगे कीटकनाशके म्हणून वापरात आली. अमेरिकेत बटाट्यावरील भुंगेऱ्यासाठी पॅरिस ग्रीन हे संयुग १८६० च्या दशकात प्रचारात आले. ही जठरविषे आहेत, म्हणजे पान कुरतडून खाणाऱ्या किडीच्या पोटात गेल्यासच ती लागू पडतात. झाडाच्या आतील रस शोषणाऱ्या किडींवर पानाच्या पृष्ठभागावरील जठरविषाचा उपयोग होत नाही. त्यामुळे घरातील झाडांसाठी अंगाला लागताच मारणारी, म्हणजे स्पर्शजन्य विषे शोधावी लागली.

यांत साबण सर्वांत निर्धोक होता. देवमाशाच्या तेलापासून केलेला साबण अमेरिकेत १८४० च्या दशकात गुलाबावरील किडींसाठी वापरला जाऊ लागला. १८८० च्या दशकात सी. व्ही. रायली व एच्. जी. हबर्ड यांनी साबणाच्या पाण्यात रॉकेल घुसळून केलेल्या पायसाचा प्रसार केला. रॉकेल मेणाचा थर विरघळवते. पण प्रमाण चुकल्यास पानेही करपवते. भारतात पुसा येथील साम्राज्य कीटकवैज्ञानिक एच्. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी आपल्या पुस्तकांतून (१९०६ व १९०९) येथील किडींची व त्यांवरील उपायांची पद्धतशीर माहिती दिली. तेलाची पायसे ही त्या काळच्या शिफारशींत नेहमी आढळतात.

तंबाखूचे पाणी यूरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून बागेत वापरले जात होते. त्यातील क्रियाशील द्रव्य निकोटीन हे १८२८ मध्ये जर्मनीत पॉसेल्ट व राइमान यांनी वेगळे केले. एकोणिसाव्या शतकातील काचघरांत तंबाखूचे देठ जाळून धुरी देणे हा माव्यावरील नेहमीचा उपाय होता. निकोटीन कीटकाच्या तंत्रिका तंत्रावर (मज्जासंस्थेवर) परिणाम करते व माणसाच्या तंत्रिका तंत्रावरही तसाच परिणाम करते. ते त्वचेतूनही शरीरात शिरते. त्यामुळे ‘वनस्पतिजन्य म्हणून निर्धोक’ ही समजूत निकोटिनाच्या बाबतीत पूर्णपणे चुकीची आहे. याउलट, डाल्मेशियातील एका शेवंतीवर्गीय फुलांची पूड (पायरेथ्रम) कीटकांना त्वरित लुळे करणारी, पण सस्तन प्राण्यांना तुलनेने कमी बाधक ठरली. तिच्यातील घटकांची संरचना हेर्मान श्टाउडिंगर व लेओपोल्ट रुझिच्का यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केली. मात्र पायरेथ्रम सूर्यप्रकाशात लवकर निष्प्रभ होते आणि मासे व मधमाश्या यांना ते घातक आहे.

विषारी धुरी : कॅलिफोर्नियातील संत्र्याच्या झाडांवरील खवले किडीसाठी डी. डब्ल्यू. कॉक्विलेट यांनी १८८६ मध्ये झाडावर तंबू घालून हायड्रोसायानिक अम्लाच्या वायूची धुरी देण्याचे प्रयोग केले. ते यशस्वी झाल्यावर १८९० च्या दशकात हीच पद्धत काचघरांत आली. सायनाइड लवणावर अम्लाची क्रिया होऊन निघणारा हा वायू रात्री बंद काचघरात कोंडला जाई व सकाळी बाहेरून खिडक्या उघडून जाऊ दिला जाई. तो खवल्यांच्या फटींतही शिरत असल्याने त्याची परिणामकारकता मोठी होती. परंतु माणसाला तो काही क्षणांत प्राणघातक होतो. राहत्या घराला जोडलेल्या काचघरातही त्याचा उपयोग सुचविला गेला, हे आज वाचताना आश्चर्य वाटते.

कीटक मारणारा वायू शोधताना तज्ञांनाही किती जोखीम होती, याचे उदाहरण वर उल्लेखिलेल्या मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचेच आहे. भारतातून परतल्यावर ते लंडन येथे प्राध्यापक होते. कीटकांवर विषारी वायूचा प्रयोग चालू असताना १९२५ च्या ऑक्टोबरमध्ये ते प्रयोगशाळेत बेशुद्ध पडलेले आढळले व काही दिवसांतच त्यांचे निधन झाले. ज्या माणसाने भारतातील किडींची ओळख करून देण्यात आयुष्यातील उमेदीची वर्षे घालविली, त्याचा अंत किडींसाठी तयार केलेल्या विषाने व्हावा, ही या इतिहासातील एक दुःखद घटना होय.

संगरोध : एकदा शिरलेली कीड मारण्यापेक्षा ती शिरूच न देणे श्रेयस्कर, हे फायलोक्सेराच्या अनुभवावरून पटल्यावर यूरोपीय देशांनी १८७८ व १८८१ मध्ये बर्न येथे याविषयी आंतरराष्ट्रीय करार केले. अमेरिकेत १९१२ मध्ये वनस्पति-संगरोध कायदा झाला. भारतात विध्वंसक कीटक व पीडक अधिनियम १९१४ मध्ये संमत झाला. १९५१ मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पति-संरक्षण करार झाला. भारतातील आयातीचे नियम २००३ च्या आदेशाने अधिक काटेकोर करण्यात आले. परदेशातून परतणाऱ्या प्रवाशाने हौसेने आणलेले एखादे कलम वा कंद सीमेवर अडविला जातो, तो या नियमांनुसार. हेच तत्त्व घरातही लागू पडते. रोपवाटिकेतून आणलेली नवी कुंडी दोन-तीन आठवडे इतर झाडांपासून दूर ठेवून पाहणे, हा घरगुती संगरोधच होय.

मित्रकीटक : ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात गेलेल्या इसेरिया पर्चेसी या मेणचट किडीने तेथील संत्र्याच्या बागा धोक्यात आणल्या, तेव्हा आल्बर्ट कोबेले यांना १८८८ मध्ये तिचे नैसर्गिक शत्रू शोधण्यासाठी ऑस्ट्रेलियात पाठविण्यात आले. त्यांनी धाडलेल्या रोडोलिया कार्डिनॅलिस या लहान लाल भुंगेऱ्याने एक-दोन वर्षांत कीड आटोक्यात आणली. हीच कीड १९२८ मध्ये भारतात निलगिरी भागात आढळल्यावर हा भुंगेरा येथेही आणला गेला. कोबेले यांनी १८९१-९२ मध्ये पाठविलेला दुसरा भुंगेरा क्रिप्टोलीमस माँट्रूझिएरी हा पिठ्या ढेकणांचा भक्षक म्हणून प्रसिद्धीस आला. तो १८९८ मध्ये दक्षिण भारतात कॉफीवरील हिरव्या खवले किडीसाठी आणण्यात आला. त्या किडीवर त्याचा फारसा उपयोग झाला नाही; मात्र पिठ्या ढेकणांवर तो येथे टिकून राहिला. पुढे बंगलोर (बेंगळुरू) येथे लाल भोपळ्यांवर पिठ्या ढेकूण वाढवून त्यांवर या भुंगेऱ्याची मोठ्या प्रमाणावर पैदास करण्याचे तंत्र विकसित झाले व द्राक्षबागांत त्याचा उपयोग होऊ लागला. या भुंगेऱ्याच्या अळीच्या अंगावरही पांढरे मेणचट धागे असल्याने ती हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. बागेत व गच्चीवर अनेकदा ही अळी कीड समजून मारली जाते. ढेकणापेक्षा ती बरीच मोठी व चपळ असते, या खुणेवरून ती ओळखता येते.

काचघरांतील जैव नियंत्रणाची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. १९२६ मध्ये एका टोमॅटो उत्पादकाला पांढऱ्या माशीची नेहमीची फिकट पिले काही ठिकाणी काळी पडलेली दिसली. ती नमुन्यादाखल चेशंट येथील संशोधन केंद्राकडे गेली, तेव्हा ई. आर्. स्पेयर यांना त्यांत एन्कार्सिया फॉर्मोसा ही सूक्ष्म परोपजीवी गांधीलमाशी आढळली. ती माशीच्या पिलांत अंडी घालते व तिची अळी त्यांना आतून खाते. १९३० च्या दशकात या केंद्रातून ही गांधीलमाशी ब्रिटनमधील उत्पादकांना व कॅनडा, ऑस्ट्रेलिया इ. देशांना पुरविली जात होती. दुसऱ्या महायुद्धानंतर नवी रासायनिक कीटकनाशके आली आणि हा पुरवठा थांबला.

संश्लेषित कीटकनाशके : स्वित्झर्लंडमधील पाउल म्यूलर यांना १९३९ मध्ये डीडीटीच्या कीटकनाशक गुणाचा शोध लागला व त्याबद्दल त्यांना १९४८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मनीतील गेऱ्हार्ट श्राडर यांनी याच सुमारास कार्बनी फॉस्फरस संयुगांचा अभ्यास केला. त्यांतून पॅराथिऑन व पुढे अनेक आंतरप्रवाही विषे निघाली. आंतरप्रवाही विष मुळांतून वा पानांतून झाडाच्या रसात शिरते व रस शोषणाऱ्या किडीला झाडच विषारी होते. घरातील झाडांच्या दृष्टीने हा मोठा बदल होता. फवारणी न करता कुंडीच्या मातीत चिमूटभर दाणे मिसळले की काम होऊ लागले. पण तीव्र विष सुट्या दाण्यांच्या रूपात घरात येऊन बसले, ही त्याची दुसरी बाजू होती. भारतात फोरेटचे दाणे मुळात शेतीसाठी असले, तरी ते बागकामातही वापरले गेले. डायक्लोरव्हॉस हे बाष्परूपाने क्रिया करणारे औषध घरातील ढेकूण-झुरळांसाठी वापरात असल्याने तेच कुंड्यांवरही मारले जाई.

या विषांचे गांभीर्य भारताला लवकरच कळून आले. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑनाने दूषित झालेले अन्नपदार्थ खाल्ल्याने शंभराच्या वर माणसे मरण पावली. या दुर्घटनेनंतर झालेल्या विचारविनिमयातून १९६८ चा कीटकनाशक अधिनियम आला. त्याने कीटकनाशकांची नोंदणी, वेष्टनावरील सूचना व विक्री यांवर नियंत्रण आणले. नोंदणी करताना औषध कोणत्या पिकावर व कोणत्या किडीसाठी वापरावयाचे, हे ठरवून दिले जाते. शेतीसाठी नोंदलेले औषध घरातील कुंडीसाठी सुरक्षित आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथे मिथिल आयसोसायनेट वायूच्या गळतीने हजारो माणसांचा बळी घेतला. हा वायू कार्बारिल या कीटकनाशकाच्या निर्मितीतील मध्यस्थ पदार्थ होता. कार्बारिल हे शेतीप्रमाणेच घरगुती बागांतही लोकप्रिय होते व वापरणाऱ्याच्या दृष्टीने ते सौम्य मानले जाई. औषधाचा धोका केवळ ते वापरण्याच्या ठिकाणी मोजून चालत नाही, ते जेथे तयार होते तेथील माणसांचाही विचार करावा लागतो, हे भोपाळने दाखविले.

प्रतिकारक्षमता व पुनर्विचार : किडी विषाला दाद देईनाशा होतात, हे ए. एल्. मेलँडर यांनी १९१४ मध्येच सॅन होझे खवले किडीच्या बाबतीत नोंदविले होते. पण त्याचा तीव्र प्रत्यय काचघरांत आला. काचघरातील किडींच्या पिढ्या एकामागून एक जलद होतात व बाहेरून नवे, विषाला बळी पडणारे जीव येऊन त्यांच्यात मिसळत नाहीत. त्यामुळे फवारणीतून वाचलेल्यांचीच संतती वाढते. पॅराथिऑनाचा वापर सुरू होऊन थोडीच वर्षे झाली असता, १९५० च्या सुमारास काचघरांतील लाल कोळी त्याला जुमानेनासे झाले. डीडीटीने तर कोळ्यांचे शत्रू मरून कोळ्यांचे पीक उलट वाढले.

या पेचातून सुटका झाली ती एका योगायोगाने. चिलीतून जर्मनीत आलेल्या ऑर्किडांवर १९५० च्या दशकाच्या अखेरीस जी. डॉसे यांना एक भक्षक कोळी आढळला. फायटोसेइयुलस पर्सिमिलिस या नावाने ओळखला जाणारा हा कोळी लाल कोळ्यांवरच जगतो. आजवर शोभेच्या झाडांबरोबर किडीच आल्या होत्या, या वेळी शत्रूही आला. इंग्लंड व नेदर्लंड्स येथे १९६० च्या दशकात त्याची पैदास सुरू झाली. भक्षक कोळी सोडलेल्या काचघरात पांढऱ्या माशीसाठी विष फवारता येईना, म्हणून विसरली गेलेली एन्कार्सिया पुन्हा वापरात आली. रेचेल कार्सन यांच्या सायलेंट स्प्रिंग (१९६२) या पुस्तकाने विषांच्या दुष्परिणामांकडे जनतेचे लक्ष वेधले व १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीच्या बहुतेक वापरांवर बंदी आली. १९७० च्या दशकात वसाम्लांच्या पोटॅशियम लवणांवर, म्हणजेच मऊ साबणांवर पद्धतशीर संशोधन होऊन शतकापूर्वीचा साबण प्रमाणित कीटकनाशक म्हणून परत आला.

१९९१ मध्ये बाजारात आलेले इमिडाक्लोप्रिड हे निकोटिनाच्या धर्तीवर क्रिया करणारे आंतरप्रवाही कीटकनाशक आहे. ते माणसाला निकोटिनापेक्षा बरेच कमी विषारी असल्याने कुंडीत खोचावयाच्या कांड्यांच्या रूपातही विकले गेले. मात्र ते फुलांच्या मधुरसात व परागात उतरते व मधमाश्यांना बाधते, असे दिसून आल्यावर यूरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड व त्याच्या वर्गातील आणखी दोन औषधांच्या उघड्यावरील वापरावर बंदी घातली. सज्जातील तुळशीवर किंवा जास्वंदीवर मधमाश्या येतात, हे लक्षात घेता हा प्रश्न घरगुती बागेलाही लागू आहे. भारतात ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने कार्बारिल, डायाझिनॉन इ. औषधांवर बंदी आली, तर फोरेट व डायक्लोरव्हॉस यांचा वापर २०२० च्या अखेरीपासून बंद करण्यात आला. घरोघरी परिचित असलेली औषधे अशा रीतीने एका पिढीच्या आत बाद ठरली. अशा जुन्या औषधांच्या अर्ध्या बाटल्या घरात राहिल्या असल्यास त्या वापरू नयेत.

कडुनिंब : राखेप्रमाणेच कडुनिंबालाही आधुनिक काळात शास्त्रीय प्रतिष्ठा लाभली. जर्मन कीटकवैज्ञानिक हाइन्‍रिख श्मुटरर यांनी १९५९ मध्ये सूदानात टोळधाडीच्या वेळी कडुनिंबाची झाडे तेवढी हिरवी राहिलेली पाहिली. दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस्. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या मगजाचे पाणी फवारलेली पिके टोळ खात नाहीत, असे १९६२ मध्ये दाखविले. अ‍ॅझाडिरॅक्टिन हे त्यातील प्रमुख द्रव्य १९६८ मध्ये वेगळे करण्यात आले व त्याची संरचना १९८५ च्या सुमारास निश्चित झाली. हे द्रव्य किडीला तत्काळ मारत नाही. तिची भूक मंदावते, कात टाकण्याची क्रिया बिघडते व प्रजनन घटते. म्हणून निंबोळी अर्काचा परिणाम दिसण्यास काही दिवस लागतात. निंबोळी तेलाच्या बुरशीनाशक उपयोगावर यूरोपात १९९४ मध्ये एका अमेरिकी कंपनीला व अमेरिकी कृषी खात्याला एकस्व देण्यात आले होते. हे ज्ञान भारतात पूर्वीपासून प्रचलित होते, या मुद्यावर ते २००० मध्ये रद्द झाले आणि २००५ मध्ये त्यावरील अपीलही फेटाळले गेले. परसातील साधा उपाय हा कोणाच्या मालकीचा, असा प्रश्न या वादाने जगापुढे आणला.

अलीकडील काळ : किडींचा प्रसार थांबलेला नाही. मध्य अमेरिकेच्या परिसरातील पपईवरील पिठ्या ढेकूण (पॅराकॉकस मार्जिनॅटस) २००८ मध्ये कोईमतूर येथे आढळला आणि पुढे महाराष्ट्रातही पसरला. पपई व तुती यांखेरीज जास्वंदीसारख्या शोभेच्या झाडांवरही तो वाढतो. फवारण्यांनी तो आटोक्यात येईना, तेव्हा २०१० मध्ये प्वेर्त रीकोहून तीन परोपजीवी गांधीलमाश्या आणून सोडण्यात आल्या. त्यांतील अ‍ॅसेरोफॅगस पपायी ही विशेष प्रभावी ठरली. एका शतकापूर्वीच्या रोडोलियाच्या यशाची ही पुनरावृत्ती होती.

आजच्या पद्धतीत एकाच औषधावर विसंबून न राहता उपायांची क्रमवारी लावतात. प्रथम पानांची खालची बाजू व देठांचे बेचके नियमित पाहणे, किडलेला भाग छाटणे व जोरदार पाण्याने पाने धुणे. त्यानंतर पिठ्या ढेकूण व खवले हे स्पिरिटात बुडविलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढणे. स्पिरिट मेणाचा थर विरघळवते. पण ते ज्वालाग्राही असल्याने देवघरातील दिव्याजवळ वा शेगडीजवळ वापरू नये आणि नाजूक पानांवर आधी एका पानापुरते करून पाहावे. पुढची पायरी मऊ साबणाच्या अथवा निंबोळी तेलाच्या फवारणीची. साबण ओला असेतोच लागू पडतो व अंड्यांवर त्याचा परिणाम अल्प असतो. म्हणून सायंकाळी, पानाच्या खालच्या बाजूसह, आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा फवारणी करावी लागते. याबरोबरच मुंग्यांचा बंदोबस्त, कुंड्यांमध्ये पुरेसे अंतर, खेळती हवा आणि नत्रयुक्त खताचा बेताचा वापर यांवर भर देतात, कारण नत्राने लुसलुशीत झालेले कोंब माव्याला अधिक आकर्षित करतात. मुळांवर पिठ्या ढेकूण असल्यास माती बदलणे आणि झाड फारच किडले असल्यास ते कुंडीसह दूर करणे, हेही उपायच आहेत.

काचघरातील सायनाइडपासून कुंडीतील फोरेटपर्यंतच्या या इतिहासात प्रत्येक नवे विष काही काळ अंतिम उत्तर मानले गेले व प्रत्येकाची मर्यादा किडीने किंवा माणसाच्या आरोग्याने उघड केली. या काळात साबण, पाणी, निंबोळी, मित्रकीटक व रोज झाडाकडे पाहणारी नजर हे उपाय अपुरे ठरले असतील, पण त्याज्य ठरले नाहीत. घरातील झाड घरातील माणसांसाठी असते, या साध्या कसोटीवर ते उतरले, हे त्यांच्या टिकाऊपणाचे कारण होय.